टेकऑफच्या वेळी ए३२० मध्यरेषेवर कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एअरबसचं ए३२० हे प्रवासी जेट घेऊन मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघायचं, हवामान त्या क्षणाचं खरं लावलेलं. साठ-सत्तर नॉटपर्यंत विमान सरळ धावतं. मग नाक डावीकडे ओढलं जातं. उजवा रडर (शेपटीवरची उभी फळी, जी नाक डावी-उजवीकडे फिरवते) दिला की विमान उजवीकडे झेपावतं, तिथून सावरायला गेलं की पुन्हा डावीकडे, आणि व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ रद्द करत नाहीत) यायच्या आत चाकं गवतात. हातात पिळून रडर देता येणारी जॉयस्टिक आहे, पायाने रडर द्यायची पेडल नाहीत. पेडल विकत घेतल्याशिवाय हे सुटेल का?

सुटेल. मी गेली अनेक वर्षं घरच्या सिम्युलेटरवर जेट विमानं उडवतो आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवतो. टेकऑफच्या अडचणींत सगळ्यात जास्त भेटणारी अडचण हीच. तिच्यात एकमेकांत मिसळलेल्या दोन गोष्टी असतात आणि त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली ओढ बाहेरून येते: वाऱ्यातून, इंजिनांतून किंवा तुमच्या जॉयस्टिकमधून. त्यानंतरचं नागमोडी जाणं मात्र विमान करत नाही, ते आपल्या सावरण्यातून तयार होतं. आधी या दुसऱ्या गोष्टीबद्दल सांगतो, कारण ती जमली की पहिली ओढ आली तरी फार बिघडत नाही.

रडर दिला की विमान बाजूला सरकत नाही. रडरने नाक फिरायला लागतं. नाक फिरत राहिलं की दिशा बदलते. दिशा बदलली की विमान हळूहळू मध्यरेषेपासून दूर जातं. म्हणजे तुमचं मनगट आणि मध्यरेषेपासूनचं अंतर यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो. तुम्ही रेषेकडे बघून सावरता, तेव्हा दोन पायऱ्या उशिरा दिसणाऱ्या गोष्टीवर उपाय करत असता. रेषा उजवीकडे राहिली म्हणून उजवा रडर देता आणि रेषा जवळ येईपर्यंत तो धरून ठेवता. पण रेषा येईपर्यंत नाक आठ-दहा अंश उजवीकडे वळलेलं असतं आणि विमान रेषा ओलांडून पलीकडे जातं. मग डावा रडर, आणखी जोरात. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, कारण दरम्यान वेग वाढलेला असतो.

म्हणून लक्ष रेषेवर ठेवू नका, नाकाच्या फिरण्यावर ठेवा. नाक डावीकडे फिरायला लागलं की तेवढाच उजवा रडर द्या की ते फिरणं थांबेल. थांबलं की दिलेल्यातला निम्मा परत घ्या. विमान या क्षणी रेषेच्या तीन मीटर डावीकडे आहे का, याची घाई नको. दिशा धावपट्टीला समांतर असेल तर तीन मीटर डावीकडून केलेला टेकऑफ पूर्ण सुरक्षित असतो. रेषेवर परत यायचंच असेल, तर नाक एखादा अंश उजवीकडे जाऊ द्या, रेषा आपणहून सरकत येईल, आणि ती पोचण्याच्या थोडं आधी नाक पुन्हा सरळ करा.

घाई का नको, ते हिशेबाने पटतं. शंभर नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर. दिशा दोन अंशांनी चुकली असेल तर विमान बाजूला सरकतं ते सेकंदाला जेमतेम १.८ मीटर. मुंबईची ०९/२७ धावपट्टी साठ मीटर रुंद आहे. ए३२० च्या मुख्य चाकांमधलं अंतर साडेसात मीटरच्या आसपास आहे. मधून निघालात तर चाक कडेला पोचायला चौदा सेकंदांहून जास्त लागतील. तेवढ्या वेळात विमान बहुतेकदा हवेत गेलेलं असतं. चूक पाच अंशांची झाली तर हाच वेळ सहा सेकंदांच्या आत येतो. दोन अंशांची चूक निवांतपणे सुधारता येते. पाच अंशांची चूक मात्र बहुतेक वेळा दोन अंशांची चूक घाईने सुधारताना तयार झालेली असते.

नजर कुठे असते यावर हे सगळं उभं आहे. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघणारा पोर जसा डगमगतो, तसंच इथे होतं. नाकाखालून सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघाल तर उशिरा कळेल. धावपट्टीच्या पार टोकाकडे बघा. नाक अर्धा अंश जरी फिरलं, तरी ते टोक खिडकीत बाजूला सरकलेलं लगेच दिसतं. एकाच मॉनिटरवर उडवत असाल तर दृश्य फार पसरट ठेवू नका. टोक इतकं बारीक होतं की त्याचं सरकणं दिसतच नाही. आणि तुम्ही डाव्या खुर्चीवर आहात, विमानाच्या मधोमध नाही, हेही ध्यानात असू द्या. रेषा बरोबर तुमच्या खाली आली तर विमान थोडं उजवीकडे आहे. बरेच जण ही गंमत न कळल्यामुळे सरळ चाललेलं विमान उगाच सावरायला जातात.

आता विमान कुठल्या वेगाला कशाने वळतं ते पाहू, कारण साठ-सत्तर नॉटलाच गडबड का होते याचं उत्तर तिथे आहे. ए३२० मध्ये टिलरने (जमिनीवर वळवण्यासाठीच्या हाताच्या छोट्या चाकाने) नाकाचं चाक ७५ अंशांपर्यंत वळतं, पेडलने फक्त सहा अंशांपर्यंत. पेडलचा हा सहा अंशांचा अधिकारही ४० नॉटनंतर कमी होत जातो आणि १३० नॉटला शून्य होतो. बोईंग ७३७ मध्ये टिलरला ७८ आणि पेडलला सात अंश मिळतात. उलट शेपटीवरचा रडर सुरुवातीला जवळजवळ निरुपयोगी असतो; ४० ते ६० नॉटच्या दरम्यान त्याला पकड येते. पुढे त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० नॉटला जेवढ्या रडरने जेवढं बळ मिळतं, त्याच्या चौपट १२० ला मिळतं. म्हणजे मनगटाच्या एकाच पिळाचा अर्थ धावता धावता बदलतो. सुरुवातीला मोठे आणि सावकाश पिळ चालतात, ऐंशीच्या पुढे बोटभर दाब पुरतो. ज्यांची सवय टॅक्सी करतानाच्या पिळाची असते, त्यांचं विमान नेमकं याच टप्प्यावर झेपावतं.

सिम्युलेटरमध्ये यात एक गोष्ट वाढते. फ्लायबायवायर, फेनिक्स किंवा पीएमडीजी यांसारख्यांनी सिम्युलेटरसाठी बनवलेल्या चांगल्या विमानांत टिलरला स्वतंत्र अक्ष देता येतो. तो दिला नसेल तर रडरचाच अक्ष टिलरचंही काम करू शकतो, आणि मग कमी वेगाला तुमचा छोटा पिळसुद्धा चाकाला नको तेवढा वळवतो. फ्लायबायवायरच्या फ्लायपॅडमध्ये (कॉकपिटमधल्या टॅबलेटमध्ये) टिलर रडरपासून वेगळा करण्याची सोय आहे. जॉयस्टिकवर एखादा फिरता किंवा सरकता अक्ष मोकळा असेल तर तो टिलरला द्या. एवढ्या एका बदलाने निम्मा त्रास गेलेला मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

जॉयस्टिकबद्दलच बोलायचं तर तुमच्या वर्णनातला वेग मला फार बोलका वाटला. ए३२० च्या पद्धतीत टेकऑफ सुरू करताना साइडस्टिक (वैमानिकाच्या बाजूची जॉयस्टिकसारखी दांडी) अर्धी पुढे दाबून धरतात, म्हणजे नाकाच्या चाकावर वजन राहतं; इंजिनं पंखाखाली असल्यामुळे पूर्ण ताकद दिली की नाक वर उचललं जाऊ पाहतं. ही दाबलेली स्टिक ८० नॉटपासून हळूहळू सोडत १०० नॉटला मधोमध आणतात. आता हेच पिळाच्या जॉयस्टिकवर करून बघा. पुढे ढकलताना मनगट थोडं वळतंच, आणि सोडताना उलट वळतं. तुम्हाला कळतही नाही आणि रडर दिला गेलेला असतो. सोबत स्टिक बाजूलाही कलते. विमान उभं असताना कंट्रोलची सेटिंग उघडा, स्टिक अर्धी पुढे दाबा, सोडा, आणि रडरची पट्टी हलते का ते पाहा. हलत असेल तर अर्धं निदान झालं. उपाय साधे आहेत: जॉयस्टिक टेबलाला घट्ट बसवा, पूर्ण हात टेबलावर टेकवा आणि रडरच्या अक्षाला चार-पाच टक्के डेडझोन (मधला असा भाग, जिथे हललं तरी परिणाम होत नाही) ठेवा. संवेदनशीलता उणे तीसच्या आसपास आणा, म्हणजे मधला भाग मऊ होतो. त्याहून खूप उणे नेऊ नका. मधला भाग मऊ केला की टोकाचा भाग तेवढाच तीव्र होतो, आणि इंजिन बंद पडलं की तुम्हाला तोच भाग लागणार आहे. काही थ्रॉटलवर बोटांनी दाबायची रडरची पट्टी असते. तुमच्याकडे ती असेल तर पिळ बंद करून रडर तिच्यावर द्या. दोन हातांत दोन कामं वाटली गेली की स्टिक सोडताना रडर हलत नाही.

पेडल असलेल्यांसाठी एवढंच सांगतो की टाचा जमिनीवर ठेवा. पाय वर चढलेले असले की रडर देताना अंगठ्याखाली ब्रेक दाबला जातो आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. ब्रेकचा अक्ष उलटा लागलेला असेल तर पाय न लावताही ब्रेक धरलेला असतो.

इंजिनांची ओढ टाळणं सोपं आहे, तरी सर्रास चुकतं. जेट इंजिन आयडलवरून (सर्वांत कमी ताकदीवरून) वर येताना सुस्त असतं आणि दोन्ही इंजिनं अगदी एकाच वेळी उठत नाहीत. थ्रॉटल एकदम टोगाला (पूर्ण ताकदीला) नेलंत, तर एक इंजिन दुसऱ्याच्या पुढे जातं आणि तेवढे दोन-तीन सेकंद विमान एका बाजूला ढकललं जातं, तेही रडरला पकड नसताना. म्हणून आधी एन-वन (इंजिनाच्या पंख्याच्या फिरण्याचा टक्क्यांतला आकडा) सुमारे ५० टक्क्यांवर आणा, दोन्ही काटे जुळू द्या, मग फ्लेक्स (टेकऑफची थोडी कमी केलेली ताकद) किंवा टोगा. ७३७ वर हाच थांबा ४० टक्क्यांवर असतो. आडवा वारा २० नॉटच्या वर असेल किंवा वारा मागून असेल तर एअरबसची पद्धत आणखी सावध आहे: स्टिक पूर्ण पुढे, ५० टक्के, मग ७० टक्के, आणि तिथून हळूहळू वाढवत जमिनीवरचा वेग ४० नॉट होईपर्यंत पूर्ण ताकद. दोन वेगळ्या दांड्यांचं थ्रॉटल असेल तर दोन्ही एकाच खाचेत एकच आकडा दाखवतात का, ते एकदा तपासून घ्या. धावपट्टीवर वळून उभं राहिल्यावर चार-पाच मीटर सरळ पुढे सरका, म्हणजे नाकाचं चाक सरळ होतं. रडर ट्रिम (रडर कायम थोडा एका बाजूला ठेवणारी जुळणी) शून्यावर आहे ना, तेही बघा. सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावरून आलेल्यांच्या पायात टेकऑफला उजवा रडर देण्याची सवय मुरलेली असते. तिथे ती पुढच्या प्रोपेलरमुळे लागते, ए३२० ला तिची गरज नाही.

आता वारा. पावसाळ्यात मुंबईत वारा नैर्ऋत्येकडून येतो. समजा, हवामान सांगतं २४० अंशांवरून २० नॉट. धावपट्टी २७०च्या दिशेची, म्हणजे वारा डावीकडून तीस अंशांनी. तीस अंशांना आडवा भाग निम्मा, म्हणून दहा नॉट डावीकडून. पंचेचाळीस अंश असता तर सुमारे सत्तर टक्के, साठ अंश असता तर सत्त्याऐंशी टक्के. शेपटीचा उभा पंख गुरुत्वमध्याच्या बराच मागे असतो, म्हणून वारा शेपूट उजवीकडे ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे, डावीकडे वळतं. तुमचं नाक दर वेळी आधी डावीकडेच का जातं, याचं कारण बहुतेक हेच. तुमच्या सेटिंगमध्ये शोधण्यासारखं त्यात काही नाही. हाच वारा मुंबईच्याच १४ क्रमांकाच्या धावपट्टीवर घ्या, तो जवळजवळ पूर्ण आडवा होतो, उजवीकडून, आणि वर थोडा मागूनही. सरावासाठी ती धावपट्टी मला फार आवडते.

वारा डावीकडून आहे हे निघण्याआधीच माहीत असतं, तर नाक वळायची वाट कशाला बघायची? धावायला सुरुवात करतानाच थोडा उजवा रडर देऊन ठेवा. किती, ते पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं. इथे एक गोष्ट मुरवून घ्या: वेग वाढेल तशी या रडरची गरज कमी होते. आडव्या वाऱ्याचं बळ वेगाच्या प्रमाणात वाढतं, रडरचं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून ढोबळमानाने ६० नॉटला जेवढा रडर लागतो, त्याच्या निम्म्यात १२० ला काम होतं. सुरुवातीला दिलेला रडर तसाच धरून ठेवला तर ऐंशीच्या पुढे विमान उजवीकडे वळणारच. रडर देणं सगळ्यांना जमतं. तो वेळेवर परत घेणं शिकावं लागतं, आणि माझ्या मते टेकऑफ सरळ ठेवण्याचं कौशल्य बरंचसं तेवढंच आहे.

स्टिक वाऱ्याच्या बाजूला कलवायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. लहान विमानांत तो योग्य आहे. ए३२० मध्ये जपून. स्टिक जास्त कलवली की त्या बाजूचे स्पॉयलर (पंखावरच्या उघडणाऱ्या फळ्या) उघडतात, तिकडचा हवेचा अडथळा वाढतो आणि नाक आणखी वाऱ्याकडे ओढलं जातं. म्हणजे ज्या ओढीशी तुम्ही झगडताय, तिलाच मदत. पंख उचलला जाऊ नये एवढाच, अगदी थोडा कल द्या, किंवा दहा-बारा नॉटपर्यंत देऊच नका.

झोताचा वारा ही वेगळी परीक्षा आहे, आणि इथे सिम्युलेटरच्या मर्यादेबद्दल एक खरी घटना सांगायला हवी. २० डिसेंबर २००८ रोजी डेन्व्हरहून ह्यूस्टनला निघालेलं कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं फ्लाइट १४०४, बोईंग ७३७-५००, टेकऑफ करताना धावपट्टीच्या डाव्या बाजूने बाहेर गेलं आणि पेटलं. अनेक जण जखमी झाले, पण सगळे वाचले. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाच्या चौकशीनुसार डावीकडून येणाऱ्या आडव्या वाऱ्याचा झोत ४५ नॉटपर्यंत गेला होता. कप्तानाने उजवा रडर दिलेला होता, पण विमान बाहेर जाण्याच्या सुमारे चार सेकंद आधी तो देणं थांबवलं. आणि चौकशीने कारणांत हेही नोंदवलं की वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये झोताचा वारा नीट उभा केला जात नव्हता, त्यामुळे असा वारा कसा वागतो याचा सरावच मिळत नव्हता. कोट्यवधींच्या सिम्युलेटरची ही गोष्ट. घरच्या सिम्युलेटरमध्ये जमिनीवरची चाकांची पकड आणि वाऱ्याची ओढ कधी अतिरंजित वाटते, कधी फारच सौम्य. म्हणून झोत आला तर रडर लगेच सोडून देऊ नका. नाक थांबेपर्यंत धरा, मग सोडा. आणि नाक थांबतच नसेल, वेग व्ही-वनच्या आत असेल, तर थ्रॉटल मागे घेऊन टेकऑफ रद्द करा. सिम्युलेटरवर टेकऑफ रद्द करण्याचा कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. पण ती सवय इथेच लागते.

कारण शोधताना क्रम महत्त्वाचा. खरं हवामान बंद करा, वारा शून्य, आकाश निरभ्र. ऑटो-रडरसारखी मदत बंद ठेवा, नाहीतर तुमच्या पिळाशी तीही झगडत राहते. मग स्टिकला आणि रडरला हात न लावता ताकद द्या आणि विमान कुठे जातं ते बघा. एका बाजूला ओढलं गेलं तर दोष थ्रॉटलच्या जुळणीत, ब्रेकमध्ये किंवा रडरच्या मधल्या बिंदूत आहे, तुमच्या हातात नाही. सरळ गेलं तर दुसऱ्यांदा फक्त स्टिक अर्धी पुढे धरून तेच करा. आता ओढलं गेलं तर मनगटाचा पिळ सापडला. दोन्ही वेळा सरळ गेलं तरच दहा नॉटचा ठरावीक आडवा वारा लावा, मग पंधरा, आणि झोत अगदी शेवटी. मोठ्या विमानतळावर खूप रहदारी चालू असताना चित्राच्या फ्रेम सेकंदाला वीसच्या खाली गेल्या, तर चित्र उशिरा दिसतं आणि तुम्ही होऊन गेलेल्या गोष्टीवर रडर देता. हेलकावे त्यातूनही वाढतात. सरावापुरती रहदारी कमी करा.

रोटेशनला (नाक उचलण्याच्या क्षणाला) पोचलात की रडर एकदम सोडू नका. नाकाचं चाक उचललं तरी मुख्य चाकं अजून जमिनीवर आहेत आणि नाक वाऱ्याकडे वळायला मोकळं झालेलं आहे. तीन अंश प्रति सेकंदाच्या आसपास नाक उचला, चाकं सुटली की मगच रडर हळूहळू काढा. विमान वाऱ्याकडे थोडं तोंड करून धावपट्टीच्या रेषेत वर जाईल. त्याला तसंच जाऊ द्या.

हे सगळं बसलं की एक इंजिन बंद पडण्याचा सराव लावा. कमी वेगाला बंद पडलं तर दोन्ही थ्रॉटल लगेच आयडलला, कारण तिथे रडरला पूर्ण ताकदीच्या चालू इंजिनाशी झुंजता येत नाही. हीच मर्यादा व्हीएमसीजी या वेगाने ठरते: नाकाच्या चाकाची मदत न घेता, फक्त रडरने, विमान तीस फुटांपेक्षा जास्त न भरकटता सांभाळता आलं पाहिजे, असा प्रमाणपत्राचा नियम आहे. व्ही-वननंतर बंद पडलं तर नाक बंद इंजिनाकडे वळतं. चालू इंजिनाच्या बाजूचा रडर द्या, नाक थांबेल तेवढाच, आणि यावेळी तो धरूनच ठेवा.

पेडलबद्दल विचारलंत, म्हणून: तुमची सध्याची अडचण पेडलशिवाय सुटते. मात्र हा इंजिनाचा सराव आणि पंधरा नॉटच्या वरचा आडवा वारा नियमित करायचा असेल, तर पेडल घ्या. स्टिक एका हातात सैल आणि रडर दीर्घकाळ दाबलेला, हे मनगटाच्या पिळावर फार काळ नीट होत नाही.